स्टिकर मॅनेज्डचं, आत साधा स्विच

दिवाळीआधी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत 22 कॅमेरे बसले. मी सेक्रेटरी, म्हणजे चेकवर सही माझी आणि आता शिव्याही मलाच.

चित्र दोन्ही गेटच्या केबिनमध्ये दिसायला हवं होतं. म्हणून कंत्राटदाराने कॅमेरे मल्टिकास्टवर लावले. कॅमेऱ्याने एकदाच पाठवायचं, ज्याला हवं त्याने घ्यायचं. पण कोणाला हवंय हे स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात त्या नेटवर्कच्या डब्याला, कळायला त्यात आयजीएमपी स्नूपिंग ही सोय लागतं. नसेल तर तो सगळा माल प्रत्येक पोर्टवर ओततो. हे मला त्यानेच समजावलं आणि म्हणून मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचचे साडेअठरा हजार जादा लावले. लुबाडलं, पण शिकवणी उत्तम घेतली.

लॅपटॉपवर स्विचचं पान उघडून स्नूपिंगपुढची बरोबरची खूणही दाखवली. कमिटीच्या ग्रुपवर टाकायला मी त्याचा फोटो काढला. पुरे पैसे त्याच संध्याकाळी दिले.

दुसऱ्या दिवसापासून क्लबहाउसचा वायफाय ठप्प. ऑफिसात मेंटेनन्सचं एक बिल प्रिंटरपर्यंत जायला पाच मिनिटं. "काका, तुमची इंटरनेटची लाइनच स्लो आहे," तो म्हणाला. आम्ही लाइन बदलली! फरक शून्य.

शेवटी भाच्याला बोलावलं. त्याने आधी स्विचकडे नुसतं बघितलं. सगळ्या पोर्टचे दिवे एकाच ठेक्यात लुकलुकत होते. मग रिकाम्या पोर्टला लॅपटॉप लावून वायरशार्क हे केबलवरून काय येतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. न मागता 239 ने सुरू होणाऱ्या, म्हणजे मल्टिकास्टच्या, पत्त्यांची पॅकेटं धो धो येत होती. एक कॅमेरा 4 एमबीपीएस, 22 चे झाले 88, आणि ऑफिसचा पोर्ट 100 चा. वायफायवर तर मल्टिकास्ट बहुतेक वेळा सर्वांत हळू वेगानेच जातं, तिथे काय उरणार?

लॉगिनचं पान कुठेच सापडेना. स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली दुसरं स्टिकर, साध्या स्विचचं. मग मी तो जुना फोटो मोठा करून पाहिला. ब्राउझरच्या पट्टीत आयपी पत्ता नव्हताच, 'फाइल' असं होतं. पठ्ठ्याने दुसऱ्याच कुठल्या स्विचचं पान लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवलं होतं.

बिलावर 'नेटवर्क स्विच 24 पोर्ट, 1 नग' एवढंच. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण मॅनेज्ड म्हणून विकल्याचा कागद मागतात तिथे माझी गाडी अडते. फोन तर तो उचलतच नाही.

नवा स्विच लॅमिंग्टन रोडवरून आणला, बिलावर मॉडेल नंबर लिहून घेऊन. लावणाऱ्याला म्हटलं, पैसे नंतर, आधी चहा घेऊ. चार मिनिटं वीस सेकंदांनी केबिनमधलं चित्र गोठलं. पोरगं ओशाळलं. स्नूपिंग चालू केलं होतं, पण 'कोणाला अजून हवंय का' असं मधूनमधून विचारणारा क्वेरिअर चालू करायचा राहिला होता. उत्तरच न आल्याने 260 सेकंदांनी स्विचने केबिनचं नाव यादीतून काढलं. त्याने तो चालू केला.

मी आणखी एक चहा मागवला आणि घड्याळ बघत बसलो.