क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान आणि हॉटेलांकडे वळते करताना: चौदा महिन्यांचा अनुभव

मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क, विम्याचे हप्ते, सोसायटीची वर्गणी आणि महिन्याचे वाणसामान हे सगळे खर्च गेले चौदा महिने आम्ही एकाच क्रेडिट कार्डावर करत आहोत. त्याआधीच्या तीन वर्षांत साठलेले सुमारे 60,000 रिवॉर्ड पॉइंट्स तसेच पडून होते. ते कशासाठी वापरावेत, हा विचार मी पहिल्यांदा मनावर घेतला तो वार्षिक शुल्काची नोटीस आली तेव्हा. 5,000 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 5,900 रुपये द्यायचे आणि पॉइंट्स मात्र नुसते स्टेटमेंटच्या कोपऱ्यात पाहायचे, हे मनाला पटेना.

बँकेने दिलेले पर्याय मी वहीत लिहून काढले. पॉइंट्स बिलातून वजा करून घेतले तर एका पॉइंटचे 30 पैसे, खरेदीचे व्हाउचर घेतले तर 50 पैसे. तिसरा पर्याय पॉइंट्स विमान कंपन्यांच्या किंवा हॉटेल समूहांच्या सदस्य योजनेत वळते करण्याचा, आणि इथे किंमत अशी लिहिलेली नसते. ती आपल्यालाच काढावी लागते. माझ्या कार्डावर विमान योजनांसाठी एकास एक आणि अकोरच्या हॉटेल योजनेसाठी दोनास एक असे प्रमाण आहे. दोनास एक म्हणजे निम्मे पॉइंट्स गेले, असे पहिल्यांदा वाटले आणि मी तो पर्याय खोडूनही टाकला होता. ती माझी चूक होती. अकोरमध्ये 2,000 पॉइंट्सचे 40 युरो हा हिशेब ठरलेला आहे. एक युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरला, तर तिकडचा एक पॉइंट दोन रुपयांचा आणि माझा बँकेतला पॉइंट एक रुपयाचा होतो. प्रमाण कमी दिसले म्हणून फायदा कमी असे नसते.

पहिला उपयोग गेल्या वर्षी सासूबाईंच्या पंच्याहत्तरीच्या वेळी झाला. नागपूरहून दीर आणि जाऊबाई मुलांसह रात्री उशिराच्या विमानाने येणार होते आणि आमच्या कोथरूडच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसे होती. मी 16,000 पॉइंट्स अकोरकडे वळते केले, त्यांचे तिकडे 8,000 झाले, आणि विमानतळापासून जवळ म्हणून नगर रस्त्यावरच्या अकोर समूहाच्याच नोव्होटेलमध्ये दोन खोल्या घेताना 160 युरो बिलातून कमी झाले. सकाळी जाऊबाईंनी ती पावती मला आणून दिली. खोलीभाड्याखाली वजा झालेली रक्कम रुपयांत स्वच्छ छापलेली होती. ती पावती मी वहीत चिकटवून ठेवली आहे, कारण बँकेच्या पॉइंटचा रुपया झालेला मी पहिल्यांदा पाहिला तो त्या कागदावर.

विमानाच्या बाबतीत मात्र आमची फजिती झाली, आणि ती कशामुळे झाली हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडच्या अनेक विवाहित स्त्रियांवर ही वेळ येऊ शकते. माझी धाकटी बहीण सिंगापूरला राहते. तिच्याकडे जाण्यासाठी दोघांच्या एका बाजूच्या तिकिटांना 42,000 माइल्स, म्हणजे विमान योजनेतले पॉइंट्स, लागत होते आणि हव्या त्या तारखेला दोन जागा दिसत होत्या. विमान कंपनीच्या योजनेत खाते उघडताना मी पासपोर्टप्रमाणे स्वतःचे नाव, यजमानांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण लिहिले होते. कार्डावर मात्र फक्त नाव आणि आडनाव आहे. पॉइंट्स वळते करण्याची विनंती मी शुक्रवारी रात्री टाकली, त्याच क्षणी बँकेतून पॉइंट्स वजा झाले आणि पलीकडच्या खात्यात काहीच आले नाही. दोन्हीकडची नावे जुळत नसल्याने विनंती अडकली आहे, हे मला सहाव्या दिवशी कळले. बँक म्हणे विमान कंपनीला विचारा, विमान कंपनी म्हणे बँकेला विचारा. पासपोर्ट आणि कार्डाच्या स्टेटमेंटची प्रत ईमेलने पाठवल्यावर बाराव्या दिवशी माइल्स जमा झाले, पण तोवर त्या दोन्ही जागा गेलेल्या होत्या. आम्हाला नऊ दिवस पुढची तारीख घ्यावी लागली आणि यजमानांना मंजूर झालेली रजा रद्द करून पुन्हा अर्ज द्यावा लागला. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळलेच पाहिजे, त्यामुळे योजनेतले नाव बदलण्यापेक्षा बँकेत अर्ज देऊन कार्डावरचे नाव बदलून घेणे मला योग्य वाटले, आणि ते काम पुढच्या महिन्यात मी करून घेतले.

या प्रकारातून मी एक नियम स्वतःला घालून घेतला आहे. जागा डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय एकही पॉइंट बँकेतून हलवायचा नाही. एकदा वळते केलेले पॉइंट्स बँकेत परत येत नाहीत, आणि जागाच नसताना ते हलवणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असा प्रकार होतो. मात्र जागा दिसल्यावर धावपळ होऊ नये म्हणून योजनांची खाती आधीच उघडून ठेवावीत आणि मोठ्या गरजेआधी एकदा थोडेसे पॉइंट्स पाठवून वाट मोकळी आहे ना, हे पाहून घ्यावे. माझ्या बँकेत दर वेळी 199 रुपये आणि जीएसटी असे जवळजवळ 235 रुपये लागतात, तरीही तो खर्च मी वाया गेला असे मानत नाही.

सिंगापूरच्या त्या तिकिटांचा खरा भाव मी परतल्यावर काढला. दोघांची तिकिटे रोखीने 40,000 रुपयांची होती. माइल्स वापरूनही कर आणि विमानतळ शुल्काचे 7,000 रुपये द्यावे लागलेच, म्हणजे वाचले 33,000. ते 42,000 ने भागले की एका माइलचे साधारण 79 पैसे येतात. पण विमान मुंबईहून होते. पुण्याहून टॅक्सीचे टोलसह 4,000 रुपये झाले, ते धरले की भाव 69 पैशांवर उतरतो. याच पॉइंटचा नगर रस्त्यावर पूर्ण रुपया मिळाला होता! लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, नवे टर्मिनल 2024 मध्ये सुरू झाले तरी परदेशी थेट विमाने मोजकीच आहेत, आणि म्हणून पुणेकराने माइल्सचा हिशेब मुंबईच्या दारापासून न करता आपल्या दारापासून करावा. देशांतर्गत प्रवासाला हे कमी लागू पडते. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्याने त्याच गटातल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सवर एअर इंडियाचीही तिकिटे काढता येतात.

कर आणि अधिभार यांकडेही नीट पाहावे लागते. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांतील माइल्सच्या तिकिटांवर इंधन अधिभार घेत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या प्रवासात मात्र माइल्स देऊनही वरची रक्कम बरीच भरावी लागते. मॅरियट या हॉटेल समूहाच्या योजनेत पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर पाचवी रात्र मोफत असते. आम्ही पाच रात्री एका ठिकाणी कधी राहत नाही, म्हणून ती योजना मी बाजूला ठेवली.

मुदतीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रिसफ्लायर माइल्स तीन वर्षांनी संपतात, मॅरियटचे पॉइंट्स खात्यात 24 महिने हालचाल नसेल तर जातात. शिवाय योजना स्वतःच बदलतात. जेट एअरवेजची विमाने 17 एप्रिल 2019 रोजी थांबली तेव्हा माझ्या वडिलांकडे त्या योजनेचे माइल्स होते. खाते राहिले, पण ज्या कंपनीने प्रवास करायचा म्हणून ते साठवले होते ती उरली नाही. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सदस्यांचे पॉइंट्स एकास एक प्रमाणात पुढे गेले, हे चांगलेच झाले. तरी वडिलांचा अनुभव माझ्या मनातून जात नाही. बँकेतले पॉइंट्स पाच-सहा ठिकाणी जाऊ शकतात. विमान कंपनीकडे गेलेले तिथलेच होतात.

बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसेल त्याने या वाटेला जाऊच नये. बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागते आणि त्यापुढे हे सारे हिशेब निरर्थक आहेत. घरभाडे, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेल्या पैशांवर माझ्या कार्डाला पॉइंट्स मिळत नाहीत, तेव्हा नवे कार्ड घेणाऱ्याने आपला खर्च नेमका कशावर होतो हे आधी पाहावे.

सध्या माझ्या खात्यात 49,000 पॉइंट्स आहेत. मे महिन्यात बहिणीच्या मुलाची मुंज सिंगापुरातच करायचे ठरत आहे आणि सुटीमुळे तेव्हाचे तिकीट आताच माणशी 34,000 रुपये दाखवते आहे. 42,000 माइल्सच्या दोन जागा तेव्हा मिळाल्या, तर कर आणि टॅक्सी वजा जाता माइलचे 1 रुपया 36 पैसे पडतील. काल रात्री एका तारखेला दोन जागा दिसल्या होत्या. गुरुजींनी मुहूर्त अजून कळवलेला नाही, म्हणून पॉइंट्स बँकेतच आहेत.