मिंग की छिंग: आधी कोणतं वाचावं?

चीनच्या घराण्यांपैकी एकच नीट वाचायचंय, मिंग घेऊ की छिंग, असं भाचीने विचारलं.

उदय बघायचा तर मिंगला तोड नाही. झू युआनझांग हा शेतकऱ्याचा अनाथ पोर, मठात राहून भीक मागितलेला. 1368 मध्ये थेट सम्राट! छिंग घराणं मांचूंचं, म्हणजे ईशान्येकडून आलेल्या बाहेरच्या लोकांचं. 1644 मध्ये मिंग सेनापती वू सानग्वेईने चीनच्या भिंतीतल्या शानहाय खिंडीचं दार उघडलं आणि ते आत आले. पुरुषांना कपाळावरचे केस भादरून वेणी ठेवायची सक्ती केली. नाही म्हणाल तर डोकंच जायचं.

पतन? मिंगचं झटक्यात उरकतं. दुष्काळ, थकलेले पगार, बंडखोर बीजिंगमध्ये, आणि राजवाड्यामागच्या टेकडीवर सम्राटाने घेतलेला गळफास. छिंगचं मात्र रखडत गेलं: ब्रिटिशांशी अफूचं युद्ध, ताइपिंग नावाच्या धार्मिक पंथाचं बंड, शेवटी 1912 मध्ये सहा वर्षांच्या पूयी या शेवटच्या सम्राटाची गादी गेली. ज्या अफूवरून युद्ध झालं त्यातली बरीच माळव्याची, मुंबई बंदरातून गेलेली, म्हणून आपल्याला तो धागा जवळचा.

गोष्ट म्हणून वाचायचं असेल तर मिंग घे. आजचा चीन परकीयांबाबत इतका हळवा का, हे कळायला हवं असेल तर छिंग. वेळ मात्र दुप्पट लागेल.