एटिमऑनलाइन : हॅपी दिवाळीला शुभ दिवाळी का म्हणतात ते इथे कळलं

मुलगी विचारत होती, आई, हॅपी म्हणजे आनंदी ना, मग हॅपी दिवाळीला आपण आनंदी दिवाळी का नाही म्हणत, शुभ दिवाळी का म्हणतो? मला काही सांगता येईना, म्हणून फोनवर एटिमऑनलाइन उघडलं. इंग्लिश शब्द कुठून आले ते सांगणारी ही फ्री वेबसाइट आहे, अमेरिकेतल्या डग्लस हार्पर या माणसाने सुरू केलेली, अ‍ॅपपण आहे.

हॅपी टाइप केलं तर पहिलाच अर्थ नशीबवान! १४व्या शतकाच्या शेवटी हा शब्द आला तेव्हा ज्याचं दैव चांगलं तो हॅपी. मूळ शब्द हॅप, म्हणजे नशीब, योगायोग, आणि तो आला जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या. आता खरी मजा इथे आहे, त्या हॅपवर क्लिक करून पुढे पुढे गेलं की त्याची सगळी भावंडं भेटतात, हॅपन, परहॅप्स, मिसहॅप, हॅपलेस म्हणजे तर आपला करंटाच. शाळेपासून वापरतेय हे शब्द पण सगळे एकाच घरातले असतील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं!! आणि त्याच्या आधी इंग्लिशमधे सुखी माणसासाठी जो एक शब्द होता तो झिजत झिजत आजचा सिली झालाय, सुखी, मग भोळा, मग बिचारा, मग मूर्ख. हे वाचून खरंच वाईट वाटलं मला.

अजून एक तिथेच वाचलं, युरोपातल्या बहुतेक भाषांमधे आनंदी या अर्थाचा शब्द आधी नशीबवान असाच होता, वेल्श सोडून, त्यांच्याकडे तो शहाणा.

तर मुलीला सांगितलं, हॅपीच्या पोटात अजून ते जुनं चांगलं दैव आहे, म्हणून आपलं शुभ तिथे अगदी बरोब्बर बसतं. शुभ प्रवास, शुभ दिवाळी.

सगळं इंग्लिशमधेच आहे आणि शतकं शॉर्टमधे लिहिलेली असतात, दोनचार शब्द बघितले की सवय होते. माझ्याकडून पाचपैकी पाच. इंग्लिश शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमधे हे पाहिजेच. काल ग्लॅड बघितला, तो मुळात चकाकणारा या अर्थाचा निघाला, आज मेरी ख्रिसमसमधला मेरी बघणार आहोत दोघी.