सही पुढे की मागे? गोव्यातल्या भिंतीसाठी प्रिंट निवडताना

मडगावच्या माझ्या आतेभावाने नवीन घर बांधलं. हॉलमधली एक भिंत त्याने मुद्दाम मोकळी सोडली आहे. तिथे त्याला छायाचित्रकाराच्या सहीची, मर्यादित आवृत्तीतली एखादी चांगली प्रिंट लावायची आहे. पैसे एकीपुरतेच बाजूला काढलेत. प्रश्न एवढाच की डार्करूममध्ये, चांदीच्या क्षारांचा जिलेटिनी थर असलेल्या कागदावर केलेली सिल्व्हर जिलेटिन घ्यायची, की रंगकणांच्या शाईने प्रिंटरमधून कापसाच्या कागदावर छापलेली पिगमेंट. माझ्याकडे फोंड्याला दोन्ही आहेत, म्हणून फोन मला आला. त्याला अर्धा तास जे ऐकवलं तेच इथे लिहितो आहे.

फोटो रंगीत हवा असेल तर वादच नाही, सिल्व्हर जिलेटिन कृष्णधवलच असते. प्रवासातले फोटो जमवणारे बरेच जण इथेच पिगमेंटकडे वळतात आणि सुखी राहतात. अडचण आमच्यासारख्यांची, ज्यांना जुन्या वळणाची काळी-पांढरी डॉक्युमेंटरी छायाचित्रं आवडतात.

माझी सिल्व्हर प्रिंट पेडण्याकडच्या मिठागरांची. डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चाललेली बाई, खाली पाण्यात तिचं मोडकंतोडकं प्रतिबिंब. पिगमेंट प्रिंट आहे स्पितीतल्या एका शाळेची, अंगणात रांगेत उभी मुलं, मागे उघडाबोडका डोंगर. दोन्ही साधारण सारख्या आकाराच्या. शेजारी शेजारी धरल्या तर सिल्व्हरचा काळा विहिरीसारखा दिसतो आणि पिगमेंटचा कोळशासारखा. विहिरीत डोकावून पाहावंसं वाटतं हे मी मान्य करतो. संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या बाईच्या लुगड्यातल्या निऱ्या एकेक करून वर येतात. पिगमेंटमध्ये असं काही होत नाही. ती सकाळी दिसते तशीच रात्री दिसते. पण मॅट असल्यामुळे तिच्यावर चकाकी नाही, आणि समोरच्या खिडकीतला माड तिच्यात उमटत नाही. तेवढी ती शहाणी.

हाताच्या कामाचं कौतुक मलाही होतं. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली हाताने उजेड अडवून, कुठे जास्त देऊन प्रिंट करतात, त्यामुळे चौथी आणि पाचवी तंतोतंत सारख्या येत नाहीत. पिगमेंटची पहिली आणि विसावी मात्र जुळ्या बहिणी. म्हणून काही संग्राहक तिला ‘शेवटी प्रिंटरमधूनच आलेली’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की मोठा फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँसुद्धा आपल्या प्रिंट्स स्वतः करत नसे. पॅरिसच्या पिक्तो लॅबमध्ये जॉर्ज फेव्र हा कारागीर त्या करायचा. सही ब्रेसाँची, हात दुसऱ्याचा, आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

आवृत्तीच्या आकड्याचं मात्र नीट विचारून घ्यावं. २०१२ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगलस्टनच्या ३६ मोठ्या पिगमेंट प्रिंट्स न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये लिलावात निघाल्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५९ लाख डॉलरला गेल्या. त्यातली काही छायाचित्रं पूर्वी डाय ट्रान्सफर या रंगीत प्रिंटच्या जुन्या पद्धतीने मर्यादित आवृत्तीत विकली गेली होती. ती घेतलेला एक संग्राहक खवळून कोर्टात गेला. २०१३ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण आकार वेगळा आणि पद्धत वेगळी, म्हणून आवृत्तीही नवी. तेव्हा ‘७/२५’ म्हणजे जगात या फोटोच्या पंचवीसच प्रिंट्स, असं समजू नये. त्या आकाराच्या, त्या पद्धतीच्या पंचवीस. हे दोन्ही पर्यायांना लागू आहे, पण पिगमेंटमध्ये आकार बदलणं सोपं, म्हणून तिथे लेखी घेतलेलं बरं. कागदाच्या कंपनीचं होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र मिळालं तर उत्तम. हानम्यूल त्यात एकाच क्रमांकाची दोन होलोग्राम देते, एक प्रिंटच्या पाठीवर आणि एक प्रमाणपत्रावर.

एवढ्यावर निकाल लावायचा असता तर मी सिल्व्हरच्या बाजूने उभा राहिलो असतो, आणि राहिलोही होतो. पहिली प्रिंट मी तीच घेतली, पिगमेंटच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून. माझं मत बदललं ते चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला.

चवथीला आमच्याकडे पन्नासेक माणसं येऊन जातात. गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी पाहून झाली, नेवऱ्या खाऊन झाल्या की कुणीतरी भिंतीकडे वळतंच. पहिल्याच वर्षी बायकोचे काका फ्रेमपाशी जाऊन चष्मा वर-खाली करत उभे राहिले. मी कौतुकाने सांगितलं, सहीची प्रिंट आहे. त्यांनी काचेच्या चारी कडा तपासल्या आणि विचारलं, “सही खंय आसा?”

“मागे आहे, काका. कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने.”

“जावईबापू, मागे सही म्हणजे सोनाराची पावती झाली. ती कोण भिंतीवर लावतं?”

सगळे हसले. मला ते लागलं. मी आतून सुरी आणली, पाठीचा कागदी पट्टा कापला, खिळे उपसले आणि सही दाखवली. दुसऱ्या वर्षी चुलतभाऊ पुण्याहून आला, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मी कुणी विचारायच्या आत सुरी शोधत होतो. दर वेळी दाखवून झालं की पट्टा चिकटवून फ्रेम पुन्हा भिंतीवर.

आता चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक तोवर पडून गेलेला असतो आणि चिऱ्याच्या भिंती तो पिऊन बसलेल्या असतात. फोटोसाठी हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी म्हणतात, आणि ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. मी एक छोटा आर्द्रतामापक आणला होता. जुलैत त्याचा काटा ८५ च्या खाली आलेला पाहिला नाही, मग पाहणंच सोडलं. त्या हवेत फ्रेम उघडायची आणि तीच हवा आत कोंडून पुन्हा बंद करायची, हे मी तीन वर्षं हौसेने केलं. तिसऱ्या वर्षी दिवाळीची साफसफाई करताना खालच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जागी, राखाडी धाग्यांची एक चांदणी दिसली.

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेली प्रथिनं. बुरशीला ती जेवणाचं ताट. शिवाय ओल लागली की जिलेटिन फुगतं आणि काचेला टेकलेलं असेल तर चिकटून बसतं. हे मला नवीन नव्हतं, फक्त आठवलं नव्हतं. आमच्या जुन्या घरी देवघराशेजारी आजोबांचा फोटो आहे, अर्धा कपाळपट्टा काचेला चिकटलेला, कडेला निळसर चांदीची झाक आलेली. तोही सिल्व्हर जिलेटिनच. गोव्यात असा एक तरी फोटो नाही असं घर मला माहीत नाही. चांदणी पुसायला मी गेलो नाही. ओलसर जिलेटिनवर बोळा फिरवला तर बुरशीबरोबर मिठागरही निघून येतं.

चूक प्रिंटची नाही, सुरीची होती, असं म्हणता येईल. खरं आहे. भोवती पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घालून काचेपासून अंतर ठेवलं, पाठ बंद केली आणि हातही लावला नाही तर सिल्व्हर इथेही टिकत असेल. पण हात का लागला, तर सही मागे म्हणून. आणि सही मागे का, तर सिल्व्हरच्या ग्लॉसी फायबर कागदाच्या तोंडावर पेन्सिल नीट चालत नाही. शाईने करता येते. ब्रेसाँ खालच्या पांढऱ्या पट्टीवर शाईनेच सही करायचा आणि कोपऱ्यात उठावाचा शिक्का असायचा. माझ्या छायाचित्रकाराला मी घेतानाच विचारलं होतं. शाई पुढे कशी वागेल सांगता येत नाही म्हणून त्याने नम्रपणे नकार दिला. त्याचंही चुकलं असं नाही.

पिगमेंटचा मॅट कागद चित्रकलेच्या कागदासारखा. माझी प्रिंट ३०८ जीएसएमच्या कापसाच्या कागदावर आहे, आणि मुलांच्या रांगेखाली डावीकडे आवृत्तीचा आकडा, उजवीकडे पेन्सिलीची सही, दोन्ही काचेतून दिसतात. काकांनी ती पाहिली, चष्मा काढला आणि “हां” म्हणाले. चार वर्षांत ती फ्रेम एकदाही उघडलेली नाही.

तिच्यातही खोड्या आहेत. कापूसही ओल पितो. जुलैत कागदाला हलक्या लाटा येतात, जानेवारीत उतरतात. पृष्ठभाग नाजूक, नुसत्या बोटाने घासलं तरी काळ्यावर पांढुरकी रेघ उठते. फ्रेम करायला नेताना टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून स्वतः धरून बसायचं. कसर दोन्हीला लागते. तिला गव्हाच्या खळीचा वास आवडतो, म्हणून चिकटवण्याऐवजी कागदी कोपऱ्यांत प्रिंट अडकवून घ्यावी. डांबरगोळ्या मी कशाच्याच जवळ ठेवत नाही. आणि फ्रेमवाल्याला शंभरदा बजावावं. माझ्या पहिल्या फ्रेमवाल्याने माउंटची खिडकी इतकी आत कापली की आकडा आणि सहीचं शेपूट दोन्ही झाकलं गेलं, आणि वर पाठीला एमडीएफ ठोकून दिलं. पुढची सही माउंटखाली गेली तर ती मागच्या सहीइतकीच निरुपयोगी. माउंट बदलून घेईपर्यंत मी दुकानातून हललो नाही.

आणखी एक. आपल्याकडे चांगल्या प्रिंट्स पाहायला मिळतात त्या बहुधा हिवाळ्यात. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या वेळी पणजी भरून जाते. आल्तिनोला सुनापरांत या कलाकेंद्रात काही लागलं असेल तर तेही तेव्हाच बघून होतं. त्या हवेत प्रत्येक कागद सपाट असतो आणि प्रत्येक काळा विहिरीसारखा. पाहताना मनात जुलै धरावा. ज्यांच्या घरी एसी बारा महिने चालतो, किंवा जे प्रिंट ड्रॉवरमध्ये सपाट ठेवून वर्षातून दोनदा बाहेर काढतात, त्यांनी सिल्व्हरच घ्यावी, माझं ऐकू नये. कुणाला आधी कमी पैशात हात बसवायचा असेल तर मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या स्क्वेअर प्रिंट विक्रीवर नजर ठेवावी. २०१४ पासून चालू आहे. मोजके दिवस खुली असते आणि सहा इंची चौकोनी प्रिंट सहीची किंवा वारसांच्या शिक्क्याची मिळते. आकड्याची मर्यादा नाही, म्हणजे पुढे भाव चढेल या आशेने घेऊ नये, एवढंच.

आतेभावाची भिंत बाहेरची नाही, स्वयंपाकघराकडची मधली भिंत आहे. त्यामुळे त्याला सिल्व्हर चालेल असं एकदा वाटून गेलं. पण त्याच्याकडे चवथीला आमच्या दुप्पट माणसं येतात, आणि काका तर दोन्हीकडे जातात. मिठागर मी आता आतल्या खोलीत हलवलं आहे. या डिसेंबरात त्याच्याबरोबर पणजीला जाईन तेव्हा मलाही एक घ्यायची आहे. कागद मॅट, खाली दीड इंच पांढरी पट्टी सोडलेली, आणि सही माझ्यासमोर, पेन्सिलीने.