प्रश्नकार्डांवर सात महिने : दहावीचं विज्ञान भाग २, एका झेरॉक्सवाल्या बापाचा अनुभव

बार्शीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दहावीच्या नोट्स म्हणून गावात जे काही फिरतं, ते कधी ना कधी माझ्या काचेवर येतंच. त्यामुळे जूनमध्ये लेक दहावीत गेली तेव्हा साहित्य शोधायचा प्रश्नच नव्हता. दोन आठवड्यांत घरी नोट्सचे पाच संच, दोन गाईडं आणि मोबाईलमध्ये सेव्ह केलेले चाळीस-पन्नास व्हिडिओ जमले. ऑगस्टच्या घटक चाचणीत भाग २ मध्ये २० पैकी ९. सगळं वाचलेलं होतं म्हणे. वाचलेलं होतंच, मी बघत होतो. पण पुस्तक मिटवून विचारलं की गाडी अडायची.

तेव्हा कार्डं सुरू केली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. कटिंगमधून उरलेल्या कार्डशीटच्या पट्ट्या दुकानात पडूनच असतात. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, शेवटचा महिन्यातून एकदा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची, १९७२ च्या पुस्तकातली. दोनशे कार्डांपर्यंत खोकं छान चाललं. पुढे कुठला कप्पा कधी काढायचा याचा घोळ व्हायला लागला, आणि धाकट्याने एकदा सगळं खोकं पालथं केलं.

गणपतीनंतर अँकीड्रॉइड नावाच्या मोबाईल ॲपवर आलो. हे कप्प्यांचं काम ॲपच करतं. अँड्रॉइडवर फुकट आहे (आयफोनवर पैसे पडतात), नेट नसलं तरी चालतं, माझ्या जुन्या फोनवरही अडलं नाही. दिसायला अगदी साधं. उत्तर बघितल्यावर खाली चार बटणं येतात आणि कुठलं दाबलं तर कार्ड पुन्हा किती दिवसांनी येईल ते बटणावरच दिसतं. चित्रातली नावं झाकून विचारायचीही सोय आहे. फुलाच्या आणि प्रजनन संस्थेच्या आकृत्यांना तिचा फार उपयोग झाला.

तयार कार्डं शोधत बसू नका, हे मात्र आधीच सांगतो. आम्ही आठवडा घालवला. सापडली ती बहुतेक इंग्रजीत आणि 'नीट' या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीची. आमच्या पुस्तकात सूत्री विभाजन, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. कार्डांवर मायटॉसिस, प्रोफेज, मेटाफेज. व्हिडिओंचंही तेच. समजायला छान, पण पेपरात लिहायला शब्द सापडत नाहीत. शेवटी बालभारतीचं पुस्तक समोर ठेवून लेकीने स्वतः कार्डं केली. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते, पण तिला छापील पुस्तकच लागतं. मार्चपर्यंत ६४० कार्डं झाली. मला विचाराल तर निम्मा अभ्यास कार्ड करतानाच होतो.

पहिली शंभर कार्डं टाकाऊ निघाली. उदाहरणार्थ, 'द्विविभाजनाचे (म्हणजे एकपेशीय जीवाचे दोन भाग होऊन दोन जीव होण्याचे) प्रकार स्पष्ट करा.' एवढं सगळं कार्डावर कोण आठवणार? ती थोडंफार पुटपुटायची आणि 'आलं' दाबायची. मग त्याची तीन कार्डं केली : अमिबाचं कसं, पॅरामेशिअमचं कसं, युग्लिनाचं कसं. साधं, आडवं, उभं. श्वसनाचंही तसंच. ग्लुकोज-विघटन कुठे होतं? पेशीद्रव्यात. एका ग्लुकोजपासून पायरुविक आम्लाचे रेणू किती? दोन. क्रेब चक्र कुठे? तंतुकणिकेत. एका कार्डाला पाच सेकंदांत उत्तर आलं पाहिजे, नाहीतर कार्ड फोडायचं.

आता पॅरामेशिअमची गोष्ट. हे कार्ड ती दर वेळी 'उभं' म्हणून सांगायची आणि आत्मविश्वासाने सांगायची. कार्डावर उत्तरही 'उभं'च होतं. नोव्हेंबरमध्ये तिसरा पाठ परत वाचताना तिलाच दिसलं की पुस्तकात आडवं आहे. चूक आली कुठून? एका क्लासच्या नोट्समधून. हाताने लिहिलेल्या, झेरॉक्सची झेरॉक्स होत अक्षरं फिकी पडलेल्या. त्या नोट्सच्या साठेक प्रती त्या वर्षी मीच काढल्या होत्या, वर स्पायरल बाइंडिंगसुद्धा करून दिलं होतं.

नीट पाठ झालेली चूक काढायला त्रास होतो. कार्ड दुरुस्त केलं तरी तोंडातून आधी 'उभं'च यायचं. सुटका केली तिच्या आईने. भरल्या भेंडीसाठी भेंड्या चिरत होती, एक लेकीपुढे धरली. 'ही उभी चिरली, ही तुझी युग्लिना.' पॅरामेशिअमचा आकार चपलेच्या तळव्यासारखा, ती चप्पल मधोमध आडवी कापायची. त्यानंतर कधी चुकली नाही. पण नियम एक झाला : पुस्तकात बघितल्याशिवाय कार्ड करायचं नाही, आणि उत्तराखाली पानाचा नंबर टाकायचा.

आमच्या दोन चुका सांगतो. ॲप रोज वीस नवी कार्डं देतं, ते आकडे आम्ही बदललेच नाहीत. दिवाळीत सहा दिवस फोन कुणी हातात घेतला नाही, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ३८० कार्डं तुंबलेली. पोरगी रडायचीच बाकी होती. आठवडाभर नवी कार्डं शून्य केली, जुनी रोज साठच. नंतर नवी आठ. दुसरी चूक म्हणजे तिला एकटीला सोडलं. लवकर संपवायला ती न आठवताच 'सोपं' दाबायची. मग संध्याकाळी दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, मी विचारायचो आणि ती मोठ्याने सांगायची. मला स्वतःला दहावीला ४८ टक्के होते. आता कंटकचर्मी प्राण्यांची उदाहरणं झोपेत सांगेन.

कार्डांनी काय होत नाही, तेही ऐका. पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. पहिला प्रश्न दहा गुणांचा, वस्तुनिष्ठ. तिथे कार्डं सोन्यासारखी. पुढे शास्त्रीय कारणं, तीन गुणांची उत्तरं, शेवटी एक पाच गुणांचं. पूर्वपरीक्षेत पहिल्या प्रश्नात दहाच्या दहा आले आणि एकूण २७! येत सगळं होतं, पण लिहायची सवय नव्हती. पाच गुणांचा प्रश्न चार ओळींत संपवलेला. आकृतीत नावं बरोबर, पण आकृती म्हणजे बटाटा. झाकलेली नावं ओळखणं आणि कोऱ्या कागदावर काढणं यात फार अंतर आहे. जानेवारीपासून कार्डांना वीस मिनिटं, आणि दर रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका. सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापनाची कार्डं केलीच नाहीत. ते पाठ दोनदा वाचले, पुरले.

पुढच्या वर्षी धाकट्यासाठी? हेच, पण जूनपासून आणि लिहिण्याचा सराव पहिल्या घटक चाचणीपासून. तयार नोट्स विकत घेणार नाही. हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, माहीत आहे.

लेकीची कार्डं शेजारच्यांनी मागितली. तिने फाइल दिली नाही. बुटाचं रिकामं खोकं आणि कार्डशीटच्या पट्ट्या दिल्या. शेजारीण जरा नाराज आहे.

परवा एक मुलगा त्याच नोट्स घेऊन दुकानात आला. पंधरा प्रती हव्या होत्या. तिसरा पाठ काढला, पॅरामेशिअमपुढचं 'उभे' पेनने खोडून 'आडवे' केलं, आणि मग कागद काचेवर ठेवला.