उत्सर्जनाचा आकडा येतो कुठून? मालवाहतुकीच्या माहिती-प्रणालीचा वापरानंतरचा अनुभव

मालवाहतुकीची माहिती एकत्र करून तिच्या आधारे फेऱ्यांचे नियोजन आणि कार्बन उत्सर्जनाचा हिशेब अशी दोन्ही कामे करणारी एक प्रणाली आमच्या नियोजन विभागात गेले अनेक महिने रोजच्या वापरात आहे. पुरवठादारांकडून येणारा कच्चा माल, कारखाना आणि गोदामांमधील अंतर्गत हालचाल आणि वितरकांकडे जाणारा तयार माल या तिन्ही प्रवाहांच्या नोंदी तिच्यात येतात. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या वर्गातील प्रणाली एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की पुढे लिहिलेले बरेचसे त्यांतील कोणत्याही एकीला लागू पडेल. विक्रीच्या वेळी सगळा भर उत्सर्जनाच्या रंगीत आलेखांवर होता. रोजच्या कामात आम्ही सर्वाधिक उघडतो तो मात्र एक साधा तक्ता आहे: प्रत्येक खेपेचा आकडा कोणत्या माहितीवरून काढला आहे, हे सांगणारा.

या तक्त्याचे महत्त्व कळण्यासाठी हिशेबाची पद्धत थोडी पाहावी लागते. वाहतुकीच्या साखळीतील हरितगृह वायूंचे मोजमाप कसे करावे, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १४०८३ या मानकाने ठरवून दिले आहे. स्मार्ट फ्रेट सेंटर या संस्थेची ‘ग्लेक’ ही चौकट मालवाहतुकीत त्याआधीपासून वापरली जात होती आणि तिची पुढची आवृत्ती या मानकाशी जुळवून घेण्यात आली. या पद्धतीत माहिती तीन प्रकारची मानली जाते: वाहतूकदाराने प्रत्यक्ष मोजलेला इंधनवापर, वाहनाचा प्रकार, मार्ग आणि भार यांवरून गणिताने काढलेला अंदाज, आणि यांपैकी काहीच हाती नसेल तेव्हा वापरायची ठरावीक सरासरी. सरासरीवर काढलेला आकडा वजन आणि अंतर एवढ्यानेच हलतो. चालकाने गाडी शिस्तीत चालवली, टायरमधील हवा योग्य राखली, वाहतूकदाराने परतीचा माल मिळवला, तरी हिशेबात त्याचा मागमूस लागत नाही. सुरुवातीच्या तिमाहीत आमच्या बहुतेक खेपांसमोर ‘सरासरी’ असाच शेरा होता आणि तरीही पडद्यावर आकडा मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत दिसत होता. प्रणालीने हा शेरा दडवला नाही, याबद्दल तिला पूर्ण गुण द्यावे लागतील. त्याच वर्गातील काही प्रणालींत तो शोधायला चार पाने मागे जावे लागते, असे खरेदीपूर्वीच्या प्रात्यक्षिकांत दिसले होते.

रिकाम्या परतीचा परिणाम किती मोठा असतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. दहा टन माल ३०० किलोमीटर नेताना एका ट्रकला १०० लिटर डिझेल लागले, असे धरू. एक लिटर डिझेल जळताना सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ३,००० टन-किलोमीटरच्या (वजन आणि अंतर यांचा गुणाकार) कामासाठी २६८ किलो, अर्थात टन-किलोमीटरला सुमारे ८९ ग्राम. तोच ट्रक ७० लिटर डिझेल जाळून रिकामा परतला आणि ते डिझेलही याच मालाच्या खात्यावर धरले, तर आकडा सुमारे १५२ ग्रामवर जातो. मानकाच्या नियमानुसार रिकामी फेरी हिशेबात धरावीच लागते, शिवाय इंधन तयार करण्यात आणि पोहोचवण्यात झालेले उत्सर्जनही मिळवावे लागते. पण ट्रक रिकामा परतला की भरून, ही माहिती माल पाठवणाऱ्याकडे नसतेच. ती वाहतूकदाराकडे असते. युरोपीय संघातील रस्ते-मालवाहतुकीत वाहनांच्या एकूण किलोमीटरपैकी साधारण एक पंचमांश किलोमीटर रिकामे जातात, हे लक्षात घेतले तर या एका नोंदीचे वजन ध्यानात येते.

अंतराच्या बाबतीत प्रणालीने घेतलेली भूमिका आरंभी आमच्या सहकाऱ्यांना खटकली. गाडीच्या जीपीएसमध्ये प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर उपलब्ध असताना टन-किलोमीटर मोजायला प्रणाली सर्वांत कमी व्यवहार्य अंतर का वापरते, असा प्रश्न वारंवार येत असे. उत्तर मानकातच आहे. प्रत्यक्ष धावलेले अंतर छेदस्थानी ठेवले, तर वळसा घालून जाणाऱ्या गाडीचे ‘काम’ फुगते आणि प्रति टन-किलोमीटर उत्सर्जन कागदावर चांगले दिसू लागते. इंधन प्रत्यक्षातले आणि अंतर मात्र व्यवहार्य मार्गाचे, अशी जोडी ठेवली की वळशाचा भुर्दंड आकड्यात दिसतो. हा बारकावा मदत-पुस्तिकेत एका ओळीत उरकला आहे. तेथे एखादे सोडवलेले उदाहरण दिले असते, तर आमच्या बऱ्याच बैठका वाचल्या असत्या.

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो, आणि तो तंत्रज्ञानाचा नाही. वाहतूकदाराने आपल्या इंधनाची खरी नोंद आम्हाला का द्यावी? इंधन हा त्याच्या खर्चातील मोठा भाग असतो. तो उघड केला की त्याचा नफा किती, हे पुढच्या दर-वाटाघाटीत आम्हाला ठाऊक असते. त्यातच मुख्य वाहतूकदार काम दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्यक्ष गाडी ज्याची असते त्याच्याकडे एखादीच गाडी व डिझेलच्या पावत्यांची चळत एवढेच असते. प्रणालीत यासाठी वाहतूकदारांचे स्वतंत्र प्रवेशद्वार आहे, परंतु पहिल्या काही महिन्यांत ते जवळजवळ ओस होते. स्मरणपत्रे पाठवून काही हलले नाही. हलले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे, फेरीनिहाय इंधन मागण्याऐवजी वाहनगटाची ठरावीक कालावधीतील एकत्रित सरासरी स्वीकारण्याची सोय आम्ही वापरू लागलो. मानकाला ती चालते आणि वाहतूकदाराचा व्यवहारही उघडा पडत नाही. दुसरी म्हणजे, माहितीची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सुरू झाली. पुढील आठवड्यात कोणत्या मार्गावर किती माल निघणार आहे, हे वाहतूकदारांना आगाऊ दिसू लागल्यावर त्यांना परतीचा माल ठरवता येऊ लागला, आणि ज्यांना त्याचा लाभ झाला त्यांच्या नोंदी न मागता येऊ लागल्या. लहान गाडीमालकांचा प्रश्न यातून सुटलेला नाही. त्यांच्यासाठी पावतीचे छायाचित्र टाकण्याची सोय आहे, पण अस्पष्ट पावती वाचताना प्रणाली लिटर आणि रक्कम यांची अदलाबदल करते आणि ती तपासायला आमच्याकडचा एक माणूस गुंतून राहतो.

माहिती केव्हा पोहोचते, यावर तिचा उपयोग ठरतो, असे माझे मत या वापरातून पक्के झाले आहे. महिना संपल्यावर येणारा उत्सर्जन-अहवाल कितीही अचूक असला तरी त्या महिन्यातील डिझेल जळून गेलेले असते. प्रणालीच्या ज्या भागाने प्रत्यक्ष इंधन वाचले, त्याच्या नावात ‘हरित’ किंवा ‘शाश्वत’ असे काहीच नाही: तो मागणीच्या माहितीचा भाग आहे. ग्राहकाच्या टोकाशी मागणीत झालेला लहानसा चढउतार साखळीत मागे जाताना मोठा होत जातो, हे एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली मांडले होते. हाउ ली, पद्मनाभन आणि वांग या संशोधकांनी १९९७ साली त्याची कारणे नेमकी सांगितली. मागणीचे अंदाज टप्प्याटप्प्याने पुन्हा बांधले जाणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, दरांतील चढउतार आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागणे, ही ती कारणे. वाहतुकीच्या अंगाने पाहिले तर यातील प्रत्येकाची परिणती एकाच प्रकारच्या फेऱ्यांत होते: महिन्याच्या सुरुवातीला अर्धवट भरलेल्या गाड्या, अखेरीला तातडीच्या गाड्या, आणि अगदीच नाइलाज झाला तर विमानाने मागवलेला सुटा भाग. टन-किलोमीटरच्या हिशेबाने विमानाचे उत्सर्जन जहाजाच्या कित्येक पट असते, त्यामुळे अशी एखादी खेप बाकीची बचत सहज गिळते. पुरवठादारांना आमच्या ऑर्डरीऐवजी प्रत्यक्ष वापर आणि शिल्लक साठा दिसू लागल्यापासून तातडीच्या खेपा ठळकपणे कमी झाल्या. याचे सगळे श्रेय प्रणालीला देता येणार नाही, कारण त्याच सुमारास खरेदी विभागाने ऑर्डर देण्याचे वेळापत्रकही बदलले होते. तथापि ते बदलण्याचा आग्रह धरता आला तो याच नोंदी पुढे ठेवून.

संकेतांकांच्या शिस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. जीएस१ या संस्थेच्या जागतिक संकेतांक-पद्धतीनुसार ठिकाणाला १३ अंकी आणि मालाच्या प्रत्येक बांधणीला १८ अंकी ओळखक्रमांक देता येतो, आणि त्यांच्या प्रवासातील घटना नोंदवण्यासाठी ‘ईपीसीआयएस’ हे मानक आहे. प्रणाली हे सर्व स्वीकारते. आमच्या जुन्या यादीत मात्र एकच गोदाम तीन-चार नावांनी होते आणि ती यादी साफ होईपर्यंत कोणताही मार्ग-अहवाल विश्वासार्ह नव्हता. विक्रेत्याच्या वेळापत्रकात या कामाला जेमतेम जागा होती.

अहवालाचा भाग समाधानकारक आहे. हरितगृह वायूंच्या जागतिक नोंद-पद्धतीत मूल्यसाखळीतील उत्सर्जनाचे १५ वर्ग आहेत; त्यांतील चौथा आणि नववा वर्ग वाहतुकीचे. तयार माल पाठवण्याचे भाडे आपण भरले असेल तर तो चौथ्यात जातो, ग्राहकाने भरले असेल तर नवव्यात. म्हणजे वर्ग ठरवणारी माहिती विक्रीच्या करारात असते, ट्रकच्या नोंदीत तिचा पत्ता नसतो. ही जोडणी प्रणाली बिनचूक करते आणि लेखापरीक्षकांना प्रत्येक खेपेचा माग मूळ नोंदीपर्यंत काढता येतो.

दोन गोष्टींबाबत माझे आक्षेप कायम आहेत. चालकाच्या फोनवरील अॅप ड्युटी संपल्यानंतरही त्याचे ठिकाण टिपत राहते. ते आपोआप थांबायला हवे, कारण ही माहिती ना नियोजनाला लागते ना हिशेबाला. दुसरे असे की प्रमाण-गुणक (इंधन किंवा टन-किलोमीटरवरून उत्सर्जन काढताना वापरायचे ठरावीक आकडे) बदलले की मागील वर्षाचे आकडे नव्याने मोजले जातात आणि जुने दिसेनासे होतात. मग घट गाड्यांच्या फेऱ्यांतून आली की केवळ गुणक बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही. कराराचे नूतनीकरण करताना या दोन्ही दुरुस्त्यांची मागणी आम्ही लेखी नोंदवली. पहिली मान्य झाली आहे. दुसरीसाठी विक्रेत्याने मुदत मागून घेतली असून तोपर्यंत प्रत्येक तिमाहीच्या शेवटी संपूर्ण नोंदी, त्यामागील गुणक आणि माहितीच्या प्रकाराचा शेरा यांसह, आम्ही वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवतो.