धूर नको, आवाज हवा: शाळेसाठी मागवलेला ड्राय आइस

आठवीच्या ध्वनीच्या धड्यासाठी एमआयडीसीतल्या एका पुरवठादाराकडून दोनदा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मागवला. फोन उचलल्या उचलल्या पलीकडून प्रश्न, "मॅडम, लग्नाची एंट्री का?" म्हटलं, धूर नको, मला आवाज हवाय. ड्राय आइसवर धातू टेकवला की तो किंचाळतो, तेच मुलांना ऐकवायचं होतं.

पहिल्यांदा आले ते तांदळापेक्षा जरा जाड दाणे. धुरासाठी ते उत्तम, पण धातू टेकवायला सपाट जागाच नाही. मुलं कान टवकारून बसलेली आणि चमचा हूं की चूं करेना. त्यात थर्माकोलचा खोका चारी बाजूंनी चिकटपट्टीने गच्च बंद केलेला. याचा मला खरा राग आला. एक किलो ड्राय आइसचा साधारण ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो, त्याला बाहेर पडायला वाट नको? झाकण सैल ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका (तापमान उणे ७८ अंशांच्या खाली असतं), हे शाळेला माल देताना त्यांनी आपणहून सांगायलाच हवं.

दुसऱ्यांदा "सपाट स्लॅब, दोन इंच जाड, पाच किलो" असं लिहून पाठवलं. सकाळी साडेसातला टेम्पो दारात, स्लॅब करवतीने सरळ कापलेला, झाकण सैल. अकराच्या तासापर्यंत भरपूर शिल्लक होता.

देवघरातली तांब्याची पळी नेली होती. तिची पाठ स्लॅबवर दाबली आणि असा कर्कश चीत्कार निघाला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रुपयाचं नाणं उभं खोचलं तर ते माशीच्या पंखासारखं थरथरायला लागलं. उबदार धातू टेकला की खालच्या बर्फाचा एकदम वायू होतो, तो धातूला उचलतो, वायू निसटला की धातू परत टेकतो. हे सेकंदाला शेकडो वेळा, म्हणून सूर. लाटणं दाबलं तर गप्प, कारण लाकूड उष्णता पटकन देत नाही. पळीही गार पडल्यावर मुकी झाली. एका मुलीने ती कोमट पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा टेकवली आणि पळी परत किंचाळली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. लंडनच्या भौतिकशास्त्रज्ञ मेरी वॉलर यांनी १९३०च्या दशकात याच बर्फाने धातूच्या तबकड्या वाजवून त्यांवर वाळूच्या आकृत्या उमटवल्या होत्या, ते मी मुलांना तेव्हाच सांगितलं.

माल आणि वेळ याला पूर्ण गुण, सुरक्षेच्या सूचनांना शून्य. शिक्षकांनी मागवावा जरूर, पण "दाणे नको, स्लॅब" हे दोनदा बजावून. आमच्या नववीसाठी मी पुढच्या महिन्याची ऑर्डर दिली आहे; या वेळी पितळी तबकडी आणि चाळलेली वाळूही तयार ठेवली आहे.